मान खाली म्हणजे दुःख नव्हे

महोदय,

रविवार पुरवणीतला छायाचित्रकार व्हिवियन मायर यांच्यावरचा लेख आवडला. फक्त त्यांच्या कृष्णधवल स्वचित्रांत 'एकाकी, नजर चुकवणारी बाई' शोधायची जरा घाईच झाली. मायर रोलायफ्लेक्स वापरत. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. तो पोटाशी धरून वरच्या काचेत वाकून पाहावे लागते, आणि तिथे डावे-उजवे उलटे दिसते. आरशासमोर चौकट जुळवणाऱ्याची मान खाली जाणारच! वडिलांच्या जुन्या, याच प्रकारच्या याशिका कॅमेऱ्यावर मीही कपाटाच्या आरशात स्वतःचे बारा फोटो काढले होते. निम्म्यांत मी गंभीर तत्त्वचिंतक दिसतो. प्रत्यक्षात फोकस जुळत नव्हता.

दुसरे, या स्वचित्रांतल्या गडद काळोखाबद्दल. शिकागोत मुले सांभाळणारी दाई म्हणून आयुष्य काढलेल्या मायर २००९ साली वारल्या. त्यांच्या निगेटिव्ह २००७ च्या लिलावात परक्या हाती गेल्या होत्या, कित्येक रिळे तर धुतलेलीही नव्हती. आज प्रदर्शनांत दिसणारे बरेचसे प्रिंट इतरांनी केलेले आहेत. सावली किती गडद ठेवायची, हे प्रिंट करतानाच ठरते. मग त्या काळ्या रंगात मायर यांचे मन किती आणि प्रिंट करणाऱ्याचा हात किती?

मला स्वतःला त्यांची जमिनीवर पडलेली टोपीवाली सावलीच जास्त आवडते. तिथे चेहराच नाही, तरी बाई लगेच ओळखू येते. आणि ती दुःखी मुळीच वाटत नाही, चांगली ऐटीत उभी आहे.

— एक वाचक, पुणे