गड्ड्याला येणं होणार नाही

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर तीनदा सांगायला घेतलं आणि तीनदा पाण्याचा वार, लाइटबिल अन् मंगलमावशीचे गुडघे यावरच बोलून फोन ठेवला. म्हणून पत्र. नव्या नोकरीच्या करारावर सही करून टाकली आहे. दोन वर्षांसाठी. डिसेंबरात निघते, म्हणजे यंदा गड्ड्याच्या जत्रेला मी नसेन.

जागा अर्जेंटिनात आहे, नेउकेन प्रांतात. तिथे शेल नावाच्या खडकातून वायू काढतात. आई, पुढची ओळ बाबांनाच वाचू दे. तिथल्या खडकाच्या थराला वाका मुएर्ता म्हणतात, म्हणजे मेलेली गाय. (वाचलीसच ना? नाव आहे गं नुसतं.)

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतं, हे आपल्याकडे नाही का होत? आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण, लाव्हाचा. त्यात वायू कुठला? दुर्गापूरजवळ इच्छापूरला ओएनजीसीला 2011 मध्ये शेलमधून वायू मिळाला, 2013 मध्ये सरकारचं धोरणही आलं, पण पुढे धंदा म्हणून ते उभं राहिलं नाही. मी खरंच इथे शोधलं. पुण्यात बसून दुसऱ्यांनी पाठवलेले आलेख बघत आणखी दहा वर्षं काढली असती, तर तुम्हीच म्हणाला असता, एवढं शिकून काय केलंस.

आणि शेजारच्या काकांना सांगा, मी सिलिंडरवाल्यांकडे जात नाहीये. सिलिंडरमधला एलपीजी वेगळा, हा मिथेन. आई, तुझ्या डब्यातल्या कडक भाकऱ्यांची चळत डोळ्यांसमोर आण. शेल तसाच, पातळ थरांचा. वायू आत असतो, पण बारीक बारीक छिद्रांत कोंडलेला, एकातून दुसऱ्यात जायला वाटच नाही. म्हणून तीनेक किलोमीटर खाली भोक पाडायचं, तिथून ते आडवं वळवून आणखी दोन-तीन किलोमीटर न्यायचं आणि प्रचंड दाबाने पाणी नि वाळू सोडायची. दगडाला भेगा पडतात, वाळूचे कण त्या मिटू देत नाहीत, मग वायू वर येतो. काही ठिकाणी ते पाणी दाट करायला गवारीच्या बियांची पूड घालतात, आपल्या राजस्थानातली. 2012 च्या सुमाराला अमेरिकेच्या मागणीने गवारीचे भाव आभाळाला टेकले होते. आणि तू मला गवार संपवायला लावायचीस.

माझं काम त्या भेगा पडताना जमीन किती थरथरते ते मोजायचं. ठरलेल्या पातळीच्या वर गेली की पंप थांबवायला सांगायचं. तिथे साउसाल बोनितो म्हणून छोटं गाव आहे, जमीन हलते आणि घरांना तडे जातात अशी त्या लोकांची तक्रार आहे. ते वाचलं आणि 30 सप्टेंबर 1993 आठवला. आदल्या रात्री विसर्जन, पहाटे किल्लारी. बाबा, तुम्ही मला चादरीसकट उचलून अंगणात आणलंत आणि पुढे कितीतरी रात्री आपण तिथेच झोपलो. जमीन परत कधी हलणार, हे मी तुम्हाला रोज विचारायचे. तुम्ही रोज म्हणायचात, आता नाही. कशावरून, ते काही सांगायचा नाहीत. त्या गावातही कुणी पोरगी बापाला हेच विचारत असेल. तिच्या बापाला सांगायला काहीतरी आकडा असावा, एवढंच.

एक गोष्ट मात्र घशाखाली उतरत नाही. वायूच्या अशा एका विहिरीला काही कोटी लिटर पाणी लागतं. तिथे नदी आहे, हे सगळे सांगतात. पण चार दिवसांनी नळ येणार म्हणून रात्री दोनला उठून पिंप, कळशा, शेवटी पातेलीसुद्धा भरणारी आई मी बघितली आहे. मुलाखतीत पाण्याचा आकडा आला तेव्हा मला तुझा तो पितळी हंडा दिसला. नको म्हणावं असं वाटलं होतं. म्हटलं नाही.

माझी काळजी करू नका. कंपनीची खोली आहे, गरम पाणी चोवीस तास. तांदूळ-डाळ मिळते. ज्वारीचं पीठ नेते.

आता तुमचं. गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी बसवायला पैसे पाठवलेत, ते मुदत ठेवीत घालायचे नाहीत. बाबा, साखर दर महिन्याला तपासायची, कागदाचा फोटो मला पाठवायचा, "नॉर्मल आहे" एवढं चालणार नाही. मोतीबिंदूचं गड्डा झाल्यावर बघू, हे तीन वर्षं ऐकतेय. जानेवारीतली तारीख घेतली आहे, दादा सुट्टी काढून येतोय. चिडू नका. मी तिथे असते तर हट्टाने नेलं असतं, आता लांबून हट्ट करतेय. आई, रात्री मोटर लावायला जिना चढायचा नाही. वरच्या मजल्यावरच्या पोराला सांगून ठेवलंय.

वेळ साडेआठ तास मागे. माझे सकाळचे साडेसात म्हणजे तुमचे दुपारचे चार. चहा टाकलात की फोन येईल.

पुढच्या शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने येते, चार दिवस आहे. चटणी अर्धा किलोच कुटा, सामानाचं वजन मोजून देतात. बरं, पाऊण.

तुमची,
बेबी