हात ऑगस्टिनचा, पाय अँब्रोजचे

प्रिय विन्या,

आठ महिने ना पत्र, ना फोन. रागावला असशील, हक्क आहे तुला. मी बरा, पाठ अधूनमधून धरते एवढंच. पण कालचं तुझ्याखेरीज कोणाला सांगू?

कामाला एक जुना सागवानी संत आलाय. बिशपची उंच टोपी, टोकाला वळलेली काठी, डावा हात मनगटापासून तुटलेला. गाव त्याला ऑगस्टिन म्हणतं. जुन्या गोव्यातला तो ४६ मीटरचा मनोरा त्याच्याच चर्चचा, तेव्हा मलाही शंका आली नाही. पंधरा दिवस खपून पंजा कोरला, त्यावर त्याचं देवाच्या ओढीनं पेटलेलं हृदय. ज्वाळांना सोन्याचा वर्ख. सुरेख झालंय रे, तेच तर दुखतं.

काल पायाशी कापूस फिरवत होतो. तिथलं वेटोळ्यांचं घुमटासारखं काही मी ढग समजलो होतो. रंगाचे थर सुटले आणि तांदळाएवढी माशी निघाली. मग दुसरी. पंखांच्या शिरासुद्धा कोरलेल्या! ढग कसला, गवताचा दोर वळून केलेलं मधमाश्यांचं घर ते. म्हणजे हा अँब्रोज, मिलानचा बिशप. पाळण्यात त्याच्या तोंडावर माश्या बसल्या नि न चावता उडाल्या, म्हणून वाणी मधाची, अशी आख्यायिका. ३८७ साली ऑगस्टिनला बाप्तिस्मा यानंच दिला. गुरूच्या हातात मी शिष्याचं काळीज ठेवलं, विन्या.

‘हातातली वस्तू शेवटी, आधी पायाशी बघ,’ हे तू पेणच्या कारखान्यात सांगितलंस, त्यावरून आपण दोन दिवस बोललो नव्हतो. त्या भांडणात माझ्या वाटचे मोदक तू खाल्लेस, ते अजून येणं आहे.

मूर्ती २८ ऑगस्टला, ऑगस्टिनच्या सणाला वेदीवर जायची आहे. एक म्हातारी रोज संध्याकाळी दारात मेणबत्ती लावून जाते. मुलगा बोटीवर आहे, त्याच्यासाठी. मी हृदय काढून पोळं दिलं, तर इतकी वर्षं तिनं कोणाला हाक मारली? आणि नाही काढलं, तर ज्या कारागिरानं त्या शिरा कोरल्या त्याला मी काय तोंड दाखवू?

तुझ्या लेकीचा बारावीचा निकाल कळला, शाब्बास म्हण तिला. काकूंचा गुडघा कसा आहे?

फादरांना रविवारी सांगणार आहे. त्याआधी ये. फोटोत माश्या दिसत नाहीत, दिवा तिरका धरावा लागतो.

तुझा,
बाळ्या