अजून 50 फूट

औसा,
अक्षय्य तृतीया

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला पाण्याखाली खोल उतरायच्या, म्हणजे टेक्निकल डायव्हिंगच्या, खर्चाचा कागद मिळाला. 4 लाख 30 हजार. आकडा ऐकून तुझी आई म्हणाली, एवढ्यात चार म्हशी आल्या असत्या. आल्याही असत्या, पण पैसे तुझ्या पगाराचे आहेत. त्यातले 1 लाख माझ्याकडं मागितलेस म्हणून चार शब्द बोलायचा हक्क मला आला. आपल्या विहिरीत तू पोहायला शिकलीस तेव्हा एकूण खर्च पाठीला बांधलेल्या तेलाच्या रिकाम्या डब्याचा होता.

हे टेक्निकल डायव्हिंग म्हणजे काय ते कळायला मला चार दिवस लागले. 40 मीटरपर्यंतचं हौसेचं डायव्हिंग, त्यात जीव घाबरला की सरळ वर निघता येतं. तुझ्या या नव्या प्रकारात डोक्यावर मोकळं पाणी दिसत असलं तरी वर येता येत नाही. ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं थांबायचं, नाहीतर अंगात मुरलेला नायट्रोजन गोटीसोड्यासारखा फसफसतो. हे थांबे हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञानं 1908 साली मांडले आणि त्यासाठी त्यानं शेळ्या दाबाच्या टाकीत कोंडल्या होत्या म्हणे. सांधे दुखायला लागले की शेळी पुढचा पाय उचलून धरायची. हे वाचल्यापासून आपल्या उस्मानाबादी शेळीनं सहज जरी पाय उचलला तरी मला तू आठवतेस.

हवेचा हिशोब मात्र लगेच समजला, तो आपल्या घरचाच आहे. 12 लिटरच्या दोन टाक्या, त्यात 200 बार, म्हणजे वरच्या हवेच्या सुमारे 200 पट दाबानं भरलेली हवा, म्हणजे 4800 लिटर. आपल्याकडं यायच्या त्या पाण्याच्या छोट्या टँकरएवढी हवा. वर मिनिटाला 20 लिटर लागते असं धरलं तर 40 मीटरवर दाब पाचपट, म्हणून 100 लिटर. झाली 48 मिनिटं. त्यातही पाण्याखालच्या गुहेत उतरणाऱ्यांचा नियम असा की एक वाटा जायला, एक यायला आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. तुझ्या शिक्षणासाठी आपण लातुरात खोली करून होतो, 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाची आपली तीन पिंपं आठव. तिसऱ्याचं झाकण आईनं कुणाला उघडू दिलं होतं का?

आता कागदावर येतो. कोर्सला 80 हजार. टाकीतली हवा तोंडाला देणाऱ्या रेग्युलेटरच्या तीन सेटला 1 लाख 40 हजार, खोली आणि थांबे सांगणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरला 95, पाठीवर टाक्या बांधायच्या बॅकप्लेटला आणि तरंगायच्या हवेच्या पिशवीला, म्हणजे विंगला, 55, सूट, रील, टॉर्च वगैरे 60. म्हणजे शिकायला 80 हजार आणि सामानाला साडेतीन लाख! नांगरणी शिकायच्या आधी कुणी ट्रॅक्टर घेतं का? आणि विम्याची ओळच नाही. त्रास झालाच तर दाबाच्या चेंबरमध्ये ठेवावं लागतं, ते बिल कोण भरणार? सरावाच्या दिवसांची ओळ नाही, राहण्याखाण्याची नाही, गॅस भरायची नाही. श्वासाला घ्यायच्या हेलियमच्या मिश्रणाबद्दल तर मी बोलतच नाही, ते महाग आणि पुढच्या पायरीचं. आधी सामान भाड्यानं घे. कुठलं अंगाला बसतं ते कळल्यावर विकत घे.

बोअरची गोष्ट तुला कधी नीट सांगितली नाही. पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवला, तो उभा राहिला, आपण गाडी लावली. 300 फुटांपर्यंत नुसता फुफाटा. गाडीवाला म्हणाला, "अण्णा, अजून 50 फूट जाऊ द्या, दगड बदललाय." 350 ला तेच. 400 ला ओल दिसल्यासारखी वाटली. फुटावर भाव, आणि दरवेळी मी पुढचं पाणी बघून नाही, मागं गेलेले पैसे बघून हो म्हणालो. 620 ला थांबलो, तेही आईनं गाडीपुढं येऊन गाडीवाल्याला इंजिन बंद करायला लावलं म्हणून. तिला मी त्या रात्री काय काय बोललो ते लिहीत नाही.

तुला भीती वाटावी म्हणून हे लिहीत नाहीये. विमानाचं तिकीट काढलेलं, रजा टाकलेली, कोर्सचे पैसे भरलेले, आणि त्या सकाळी कान दुखतोय किंवा झोप झालेली नाही, अशा वेळी तुझ्या कानात गाडीवाला बोलणार. तिथं आई नसेल. म्हणून माझ्या 1 लाखाला अट आहे. त्यातून विमा, सरावाचे दिवस, आणि एक जादा दिवस जो वाया गेला तरी चालेल. सामानाला त्यातला रुपयाही लावायचा नाही. शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरच्या खाली घ्यायचा नसतो, टाकी चुकीची तोंडाला लावली तर झटके येतात, असं तूच सांगितलंस. मग शिकवणारा टाकीवरची खूण किती वेळा तपासून घेतो ते बघ. आजवर किती जणांना नापास केलं तेही विचार. एकही नाही म्हणाला तर दुसरा गाठ.

पैसे सोमवारी बँकेतून पाठवतो. मोठी शेळी व्याली, दोन पिल्लं आहेत.

पूर्ण डाइव्ह झाली तर फोन सवडीनं केलास तरी चालेल. अर्ध्यातून परत आलीस तर मात्र त्याच दिवशी कर.

तुझे,
अण्णा