‘आम्ही’ नको, ‘मी’ लिही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असा तो नव्हता. अमेरिकेत नोकरीसाठी दीडशे अर्ज आणि एकही फोन नाही, हे वाचून जीव कळवळला. अमेरिकेतल्या शेवटच्या सेमिस्टरला मीही असाच दर दहा मिनिटांनी मेल उघडून बघायचो. म्हणून आज तुझ्या रेझ्युमेची प्रिंट काढली आणि पेन घेऊन बसलो. तुझ्यात काहीही कमी नाही, पण त्या कागदावर तू मला कुठे सापडला नाहीस.

आधी वरवरच्या गोष्टी. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, ‘अविवाहित’, पासपोर्ट नंबर आणि शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ म्हणून सही. हा आपल्याकडचा बायोडेटा झाला. तिथे यातलं काहीच लिहीत नाहीत. वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करायला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने बंदी आहे, त्यामुळे फोटो लावलेला रेझ्युमे हातात आला की एचआरवाले अवघडून जातात. वर फक्त नाव, फोन, ईमेल, शहर आणि लिंक्डइन ठेव. दहावी-बारावीचे टक्के काढून टाक. तुझ्या अनुभवाला एक पान पुरेसं आहे. आणि ते दोन रकान्यांचं, आयकॉन लावलेलं टेम्प्लेट आजच सोड. बऱ्याच कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअरमधून जातो आणि असल्या मांडणीत मजकुराची सरमिसळ होते. तुझ्या पीडीएफमधला मजकूर मी नोटपॅडमध्ये पेस्ट करून पाहिला, तर तुझी डिग्री ‘स्किल्स’च्या यादीत जाऊन पडली होती.

आता मला जे खरं सांगायचंय ते. प्रोजेक्टखाली तू लिहिलंयस, ‘डेटा ॲनालिसिससाठी जबाबदार. आमच्या टीमने पाणीवापराचं मॉडेल तयार केलं.’ अरे, दिवाळीच्या सुट्टीत फोनवर तू मला अर्धा तास काय सांगत होतास? एकाच मीटरच्या नोंदी दोन सिस्टीममध्ये वेगवेगळ्या नंबरांनी पडत होत्या, कुणाच्या लक्षात येत नव्हतं, आणि तू तीन आठवडे बसून त्या जुळवल्यास. रेझ्युमेत त्याचा मागमूस नाही! ती ओळ अशी लिही : ‘दोन सिस्टीममधल्या ४०,००० मीटर-नोंदी पायथनने जुळवल्या, दुबार नोंदी शोधून काढल्या, मासिक अहवालाचं तीन दिवसांचं काम अर्ध्या दिवसावर आणलं.’ काय केलंस, कशाने केलंस, त्याने काय फरक पडला. आकडा खराच असला पाहिजे. आकडा नसेल तर फरक शब्दांत सांग, पण ओढूनताणून टक्केवारी बसवू नकोस.

‘मी मी करू नये’ हे आपल्या अंगात लहानपणापासून मुरलंय, आणि ते चांगलंच आहे. पण समोर बसलेल्या माणसाला तुझी टीम नेमायची नसते, तुला नेमायचं असतं. माझ्या एका मुलाखतीत तिसऱ्यांदा ‘आम्ही केलं’ म्हटल्यावर समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “यात तुमचं काम कोणतं?” मी गडबडलो. काम माझंच होतं, पण ते माझं म्हणून सांगायची सवयच नव्हती. चौघांच्या गटात तुझ्याकडे काय होतं ते सांगितल्याने बाकीच्या तिघांचं श्रेय कमी होत नाही. मुलाखतीसाठी असे पाच-सहा प्रसंग तयार ठेव : परिस्थिती काय होती, तुझ्यावर काय काम होतं, तू काय केलंस, शेवटी काय झालं. आणि ते आरशासमोर नको, माणसासमोर मोठ्याने बोलून बघ.

कव्हर लेटरचं तुझं ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’ आणि ‘आपल्या नामांकित कंपनीत संधी मिळाल्यास मी कृतज्ञ राहीन’ वाचून मला माझंच पत्र आठवलं. मी एकच पत्र सगळीकडे पाठवायचो, फक्त कंपनीचं नाव बदलून. एकदा तेही बदलायचं राहिलं आणि ज्या कंपनीत मनापासून जायचं होतं तिच्याकडे दुसऱ्याच कंपनीची स्तुती गेली. तिथून पुन्हा कधी उत्तर आलं नाही. त्या रात्रीची चुटपुट अजून जात नाही. तेव्हा आठवड्याला पन्नास अर्ज करण्यापेक्षा आठ कर, पण जाहिरात नीट वाचून. पहिल्या परिच्छेदात हेच काम का, ते लिही. दुसऱ्यात त्या कामाशी जुळणारा तुझा एकच अनुभव, जरा सविस्तर. मग दोन ओळींत समारोप. सगळं मिळून पाऊण पान. रेझ्युमेत आहे तेच पुन्हा उगाळू नकोस.

ओळखी काढायची लाज वाटते असं म्हणालास. आपण त्याला वशिला समजतो, म्हणून जीभ रेटत नाही. पण तिथल्या रेफरलने नोकरी पदरात पडत नाही, फार तर तुझा रेझ्युमे एखादा माणूस उघडून वाचतो. तुझ्याच विद्यापीठातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांना चार ओळी लिही. वीस मिनिटं माग आणि त्यांच्या कामाबद्दल विचार, नोकरीबद्दल नको. दहांपैकी दोघे उत्तर देतील, तेवढे पुरेत. बोलणं झालं की त्याच दिवशी आभाराचा मेल टाक. मला पहिला इंटरव्ह्यू अशाच एका सीनियरमुळे मिळाला, आणि त्यांना मेल लिहायला मी तीन महिने घाबरत होतो.

आता व्हिसाचं, कारण तुझी झोप त्यानेच उडालीय. रेझ्युमेवर व्हिसाबद्दल लिहायची गरज नाही. अर्जात मात्र विचारतात : पुढे कधी स्पॉन्सरशिप, म्हणजे कंपनीने तुझ्यासाठी व्हिसाचा अर्ज करणं, लागेल का? तिथे खरं तेच उत्तर दे, ‘हो’. पुढची फेरी गाठलीस की एका वाक्यात समजावून सांग. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी-व्हिसावरच आपल्या विषयात काम करायच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, त्यासाठी कंपनीला तुझ्या वतीने कुठलाही व्हिसा-अर्ज करावा लागत नाही, आणि तुझी डिग्री स्टेममधली (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) असल्यामुळे पुढे आणखी २४ महिने मिळू शकतात. या २४ महिन्यांसाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्याला काम करायची परवानगी आहे का ते तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत, नोंदलेली हवी आणि आय-९८३ हा प्रशिक्षणाचा फॉर्म भरावा लागतो. कित्येक मॅनेजरना हे ठाऊकच नसतं, त्यामुळे तुला ते न अडखळता सांगता आलं पाहिजे.

तुझा कोर्स मेच्या मध्यावर संपतोय. ओपीटीचा अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे तुझी मुदत याच महिन्यात सुरू होते. संपल्यावर ६० दिवसांपर्यंत चालतो, पण तेवढं थांबू नकोस. डीएसओने, म्हणजे विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या अधिकाऱ्याने, शिफारस नोंदवली की ३० दिवसांच्या आत अर्ज सरकारकडे पोचला पाहिजे. आणि सुरुवातीची तारीख विचार करून टाक. ती कोर्स संपल्यानंतरच्या ६० दिवसांतली कुठलीही घेता येते आणि ओपीटीत बेकार राहायला मिळणारे एकूण ९० दिवस त्या तारखेपासून मोजतात, शनिवार-रविवार धरून. हातात ऑफर नसेल तर घाईने लवकरची तारीख घेऊ नकोस. माझ्या कॅलेंडरवर मी ६१ पर्यंत फुल्या मारल्या होत्या. शेवटी एका प्राध्यापकांच्या लॅबमध्ये माझ्याच विषयातलं, आठवड्याला २० तासांचं बिनपगारी काम धरलं. पहिल्या वर्षाच्या ओपीटीत ते चालतं, फक्त त्याची नोंद करावी लागते. तिथे केलेलं कामच पुढे रेझ्युमेची पहिली ओळ झाली. नियम बदलत असतात, तेव्हा प्रत्येक पाऊल टाकण्याआधी डीएसओला विचार, व्हॉट्सॲप ग्रुपला नाही.

विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संशोधन संस्थाही बघ. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा वार्षिक कोटा ६५,००० चा, अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० चा, पण या संस्था त्या कोट्याबाहेर आहेत. सगळे मोठ्या कंपन्यांच्या मागे धावतात आणि ही बाजू राहून जाते.

एका गोष्टीवर मात्र मी तुझ्याशी भांडेन. त्या कन्सल्टन्सीवाल्याने ‘रेझ्युमेत चार वर्षांचा अनुभव दाखवू, बाकी आमच्यावर सोडा’ असं सांगितल्याचं तू लिहिलंयस. त्याला आजच नाही म्हण. खोटा अनुभव नोकरी घालवतोच, पण पुढच्या प्रत्येक व्हिसा-अर्जात तो तुझ्या मानगुटीवर बसेल. तीन आठवडे जागून नोंदी जुळवणाऱ्या माणसाला उसन्या चार वर्षांची गरज काय?

शनिवारी सकाळी, तुझ्याकडच्या नऊला, फोन करतो. तोवर दोनच गोष्टी कर : डीएसओची वेळ घे, आणि मीटरच्या कामाच्या तीन ओळी ‘मी’ धरून लिहून ठेव. इंग्रजी जमलं नाही तर मराठीतच लिही, भाषांतर आपण दोघं मिळून करू. आणि जेवून झोप, रात्री दोनला मेसेज करू नकोस.

तुझाच मित्र