ते ठिपके शोभेचे नव्हेत!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत रोमन नाण्यांवरचा लेख वाचला. लेख चांगला, पण एका छायाचित्राखाली ‘शिरस्त्राण घातलेला सैनिक, वर शोभेचे चार ठिपके’ असं छापलंय. अहो, ती रोमन देवी मिनर्व्हा आहे! आणि ते ठिपके म्हणजे नाण्याची किंमत.

इ.स.पू. २२५च्या सुमारास रोमने ब्राँझच्या नाण्यांची जी मालिका काढली, तिचा हिशोब बाराचा होता. मोठं नाणं आस, सगळ्यात लहान उन्किया; १ आस म्हणजे १२ उन्किया. (इंच आणि औंस हे दोन्ही शब्द या उन्कियातूनच आले.) आसवर दोन तोंडांचा देव जानुस, अर्ध्या आसवर सॅटर्न देव आणि ‘एस’ हे अक्षर. तिथून खाली ठिपके सुरू: मिनर्व्हाला चार, सिंहाचं कातडं पांघरलेल्या हर्क्युलिसला तीन, पंखांची टोपी घातलेल्या मर्क्युरीला दोन, एका उन्कियावर रोमा देवी आणि एकच ठिपका. चार म्हणजे बाराचा तिसरा हिस्सा, म्हणून त्या नाण्याचं नाव ‘त्रिएन्स’. मी जन्मभर गणित शिकवलं. शंभराचे तीन सारखे भाग करताना वर्गाची होणारी तारांबळ पाहिली, की बाराचा हिशोब ठेवणाऱ्यांचा हेवा वाटायचा.

माझ्याकडे एक झिजलेला त्रिएन्स आहे. मिनर्व्हाचं नाक-डोळे केव्हाच गेलेत, शिरस्त्राणाची कड तेवढी उरलीय. पण डोळे मिटून अंगठा फिरवला की चारही ठिपके लागतात. ज्याला अक्षरओळख नाही, त्याचंही यावर भागत असणार. देव ओळखा, नाही तर ठिपके मोजा.

या सगळ्या नाण्यांच्या मागच्या बाजूला जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, असते. पाचव्या शतकातला लेखक माक्रोबियस सांगतो, की रोमन पोरं नाणं उडवताना ‘डोकी की जहाज’ असं ओरडत. आपला छापा-काटाच की! जहाज का, याची त्याने दिलेली कथा अशी: सॅटर्न जहाजातून इटलीत आला, जानुसने त्याला आसरा दिला आणि त्याची आठवण म्हणून नाण्यावर जहाज आणलं. कथा गोड आहे, इतिहास म्हणून मी ती वर्गात सांगितली नसती.

तेव्हा येत्या रविवारी ती ओळ दुरुस्त करावी. आणि शेजारच्या चित्रातलं जहाज उलटं छापलंय, तेही जमल्यास सरळ करावं.

आपला,
एक निवृत्त गणितशिक्षक