आई, त्या दिवशी मी जिन्यावरून पडले नव्हते

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायला दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा तुमच्या तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला. म्हणून लिहिते आहे. आई, पावसाच्या सुरुवातीला माझ्या कोपरावर जे काळंनिळं झालं होतं, ते जिन्यावरून घसरून झालं नव्हतं. मी सायकलवरून पडले होते. व्हिडिओ कॉलवर तुला कोपर दिसलं, तू विचारलंस, आणि माझ्या तोंडून ‘जिना’ निघून गेलं. तू लगेच विश्वास ठेवलास. जिन्याला कठडा आहे ना, दिवा आहे ना, असं विचारत राहिलीस. ते मला तेव्हापासून टोचतंय. खोटं बोलले, चुकलं माझं.

काय झालं ते आता नीट सांगते. ऑफिसातून परत येत होते. बरेच दिवस कोरडे गेल्यावर पहिलाच पाऊस पडत होता. अशा वेळी रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ यांचा निसरडा थर होतो, आणि रंगवलेले पांढरे पट्टे तर ओले झाले की काचेसारखे होतात. हे मला माहीत होतं. तरी वळण घेता घेता, सायकल कललेली असताना, पट्ट्यावरच पुढचा ब्रेक दाबला. टायरची पकड मोजकी असते. ती वळणातच संपत असेल तर ब्रेकसाठी काही उरत नाही. पुढचं चाक सरकलं आणि मी उजव्या कुशीवर आपटले. मागे गाडी नव्हती. बाजूला जाऊन बसले, हातपाय हलवून बघितले आणि सायकल हातात धरून चालत निघाले. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवलं. हाड शाबूत होतं, डोक्यालाही काही झालं नव्हतं.

डोकं वाचलं ते हेल्मेटमुळे. त्याच्या आतला पांढरा थर थर्माकोलच्याच जातीचा, पण दाट असतो. तो स्वतः चिरडतो आणि धक्का पोटात घेतो, आणि हे काम तो एकदाच करू शकतो. बाहेरून माझ्या हेल्मेटवर नुसता ओरखडा होता. आतून बघितलं तर कानामागे केसाएवढी भेग. दुसऱ्या कुणी उचलून वापरू नये म्हणून त्याचे पट्टे कापले, मगच टाकलं. बाबा, तुम्ही म्हणता, आमच्या वेळी कोण हेल्मेट घालत होतं! ती भेग तुम्हाला दाखवायला हवी होती.

आई, आता तू म्हणशील, सोड ती सायकल. सोडणार नाही गं. जाताना ११ किलोमीटर, येताना ११. ऑफिसात पोचते तेव्हा अंग जागं झालेलं असतं, आणि घरी येईपर्यंत ऑफिस डोक्यातून उतरलेलं असतं. बसून बसून धरलेली पाठही सुटली. पण तू काळजी करणारच, तर ती नेमकी कशाची करायची हे तरी तुला कळावं. म्हणून मी काय काय बदललं ते लिहिते.

पहिल्यांदा टायर. माझे टायर २५ मिलिमीटर रुंदीचे होते आणि मी त्यांत १०० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) हवा भरायची. दगडासारखा टायर म्हणजे वेगवान टायर, असा माझा समज होता. खडबडीत रस्त्यावर तसा टायर उडत राहतो, दणके माणसाच्या हातांना आणि पाठीला बसतात, आणि वेगही त्यातच वाया जातो. फ्रेममध्ये किती जागा आहे ते मोजून ३२ मिलिमीटरचे टायर बसवले. आता पुढच्या चाकात ५० आणि मागच्यात ६० पीएसआय ठेवते, कारण मागच्या चाकावर वजन जास्त येतं. इतक्या वर्षांत सायकलवर जे काही बदललं, त्यात एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही. त्याआधी एकदा हौसेने हलका सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, आणला होता. काही ग्रॅम वाचले असतील, मला चालवताना कधी जाणवले नाहीत. टायर, ब्रेक पॅड, दिवे, मडगार्ड यांवर खर्च करावा आणि वजन कमी करण्याचा नाद सोडावा, हे माझं मत आता पक्कं झालंय.

दुसरी गोष्ट दिव्यांची. बाबा, तुमच्या सायकलचा डायनॅमो आठवतो? बाटलीसारखा, टायरला घासून घूं घूं वाजणारा. तो लावला की पेडल जड व्हायचं, आणि सायकल थांबली की दिवा गेला. आता माझ्या पुढच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, डायनॅमो आहे. ६ व्होल्ट, ३ वॅट, म्हणजे शक्ती साधारण तुमच्या डायनॅमोएवढीच. पण एलईडीमुळे तेवढ्यातच समोरचे खड्डे स्वच्छ दिसतात, आवाज येत नाही, आणि थांबल्यावरही दिव्यात साठलेल्या विजेवर तो काही मिनिटं मंद जळत राहतो. आई, चार्जिंग विसरलं म्हणून अंधारात आले, असं आता होणारच नाही.

रोज निघताना तीन गोष्टी बघते: अंगठ्याने टायर दाबून हवा, दोन्ही ब्रेक आणि चेन. एक मिनिट लागतं. रविवारी मात्र तासभर देते. चेन पुसायची, प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडायचा, पेडल उलटं फिरवायचं आणि मग कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून काढायचं. हे शेवटचं पुसणं लोक गाळतात. तेल लागतं ते आत, पिनांपाशी. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं, आणि तेल-धुळीचा तो लगदा पॉलिश पेपरसारखा चक्रांचे दात खात बसतो.

आई, तुला पटेल अशी एक गोष्ट सांगते. चेन मोजतात. तू कापड मोजायचीस तसंच, फक्त टेप नाही, पोलादी पट्टी लागते. चेनची एक पिन ते पुढची पिन हे अंतर बरोबर अर्धा इंच. म्हणजे २४ अंतरांचे १२ इंच व्हायला हवेत. पट्टीचा शून्य एका पिनेवर ठेवायचा आणि तिच्यापुढची चोविसावी पिन कुठे येते ते बघायचं. एक षोडशांश इंच पुढे सरकली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश सरकेपर्यंत थांबलं, तर तोवर तिने मागच्या चक्रांचे दातही खाल्लेले असतात. सगळे म्हणतात चेन ताणली. लोखंड ताणलेलं नसतं, प्रत्येक पिन आपल्या जागी झिजून सैल झालेली असते. पहिल्या चेनच्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं, आणि चेनबरोबर मागची चक्रंही बदलावी लागली.

पंक्चर मी स्वतः काढते, आणि ते तुमच्याकडून शिकले, बाबा. बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचे, पॉलिश पेपरने घासायचं, सोल्युशन लावायचं आणि मग थांबायचं. तुम्ही माझा हात धरून ठेवायचात, ‘वाळू दे, चकाकी जाऊ दे.’ परवा रस्त्याकडेला एका शाळकरी मुलाला पंक्चर काढून दिलं, आणि त्यालाही मी तसाच धरून ठेवला. ठिगळ लावून झाल्यावर टायरच्या आतून बोटं फिरवायची, ही तुमची दुसरी शिकवण. त्या मुलाच्या टायरात केसाएवढी तार रुतलेली सापडली. ती राहिली असती तर शंभर पावलांवर पुन्हा हवा गेली असती.

हवा भरलेला टायर लोकांच्या वापरात आला तोही एका बापामुळे, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच होतं. बेलफास्टमधले जॉन बॉइड डनलप पशुवैद्य होते. १८८८ साली त्यांनी आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले, त्याला बसणारे दणके कमी व्हावेत म्हणून. तुम्ही काडेपेटीत व्हॉल्व्हच्या बारीक रबरी नळीचे तुकडे जपून ठेवायचात ना? त्या जुन्या व्हॉल्व्हला अजून डनलप व्हॉल्व्हच म्हणतात.

मागच्या महिन्यात एक स्पोक तुटला. मागचं चाक, गिअरच्या बाजूचा, हबपाशी जिथे वाकलेला असतो तिथेच. बहुतेकदा तिथेच तुटतो, कारण मागे चक्रांना जागा देण्यासाठी त्या बाजूचे स्पोक जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात. चाकाला ३२ स्पोक आहेत, एकाने अडत नाही. तुटलेला स्पोक शेजारच्याला टेपने बांधला, हळूहळू घरी आले. नवा घातला आणि चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना होणारी डुगडुग, काढायला संध्याकाळ लागली. निपल, म्हणजे स्पोकच्या टोकाचा छोटा नट, पाव वळसा फिरवा, चाक फिरवून बघा, परत पाव वळसा. मला ते काम फार आवडतं. हायड्रॉलिक ब्रेकचं तेल मात्र मी स्वतः बदलत नाही, मेकॅनिककडेच नेते. काही ब्रेकांत मिनरल ऑइल असतं, काहींत डॉट फ्लुइड, आणि एकाच्या जागी दुसरं गेलं तर आतले रबरी सील खराब होतात. ब्रेकशी प्रयोग नकोत.

आता मूळ मुद्दा, बाबा. तुम्ही सायकल सोडलीत, त्याला आता बरेच दिवस झाले. गुडघा दुखतो म्हणालात. पण आईने मला वेगळंच सांगितलं (आई, रागावू नकोस, मी तुझं नाव सांगितलं), की दांड्यावरून पाय टाकताना तुमचा तोल गेला आणि त्यानंतर तुम्ही सायकलला हात लावला नाहीत. म्हणजे आपण दोघांनीही पडल्याचं घरात लपवलं. मी जिना सांगितला, तुम्ही गुडघा.

तुमच्यासाठी मी एक सायकल जोडते आहे. फ्रेमला आडवा दांडा नाही. पाय वर उचलावाच लागत नाही, खुर्चीपुढून यावं तसं आत यायचं. कुणी तिला लेडीज सायकल म्हणेल, म्हणू दे. तुमच्या जुन्या सायकलची चाकं वापरायचा विचार केला होता. पण तिचे रिम ६३५ मिलिमीटर व्यासाचे, आणि हल्लीचे बहुतेक चांगले टायर ६२२ चे. तेरा मिलिमीटरचाच फरक, पण टायर बसत नाही. म्हणून चाकं नवी घेतली आणि टायर ४२ मिलिमीटर रुंदीचे, गुबगुबीत.

तुमच्या गुडघ्याचा विचार मी गिअरमध्ये केलाय. जुन्या सायकलला पुढे ४४ दात होते, मागे १८. पेडलचा एक फेरा झाला की सायकल साडेपाच मीटर जायची, मग चढ असो की सपाट. नव्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ११ पासून ३४ दातांपर्यंतची चक्रं आहेत. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्यात सायकल दोन मीटरच्या जरा पुढे जाईल. पाय जास्त वेळा फिरतील, पण प्रत्येक वेळी जोर निम्म्याहून कमी लागेल. तरी डॉक्टरांना आधी विचारा. तुम्ही विचारणार नाही, म्हणून आई, तूच विचार.

पेडल बसवताना तुमची फार आठवण झाली. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे तुम्ही मला मी सातवीत असताना दाखवलं होतं. चालवताना पेडलचा दांडा आपल्या भोकात किंचित लोळत असतो, आणि आटे सरळ असते तर डावं पेडल चालवता चालवता उकलत गेलं असतं. तेव्हा तुम्ही एवढंच म्हणाला होतात, ‘डावं उलटं, लक्षात ठेव.’ मी ठेवलं.

हँडलवर फक्त घंटीची जागा रिकामी ठेवली आहे. जुन्या सायकलची काढून ठेवा, तीच लावू.

आता एक माप हवं आहे, त्यावर सगळं अडलंय. बाबा, अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहा, पावलांत वीतभर अंतर. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक उभं धरून त्याची कड दोन्ही पायांच्या मधे वर सरकवा, सीटवर बसल्यासारखी टेकेपर्यंत. पुस्तकाची दुसरी कड भिंतीला चिकटलेली हवी. आई, पुस्तकाच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलने खूण कर आणि जमिनीपासून खुणेपर्यंत मोज. त्याला ०.८८३ ने गुणलं की पेडलांच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची येते. माप ८० सेंटीमीटर असेल, तर ७०.६. सुरुवातीला मी सीट त्याहून थोडी खालीच ठेवणार आहे, थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकावेत म्हणून. मग आठवड्या-आठवड्याने वर घेऊ, कारण सीट फार दिवस खाली राहिली तर गुडघ्याला ते चांगलं नाही.

दोनदा मोजा. आई, बाबा अंदाजाने आकडा सांगतील, तो घेऊ नकोस. तू मोजलेलाच कागदावर लिही आणि त्याचा फोटो पाठव.

तुमची,
धाकटी