चुनखडीच्या टेकडीवर सिल्व्हर ओक कशाला, अंजन लावा ना

संपादक साहेब, नमस्कार.

आमचं गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. दोन वर्षांपूर्वी गावामागच्या टेकडीवर एका संस्थेने सिल्व्हर ओक लावले, फोटो निघाले, भाषणं झाली, आणि आज जाऊन बघा, निम्मे वाळले अन् उरलेल्यांची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. ज्याची मोसंबीची बाग आहे तो शेतकरी लगेच सांगेल, जमिनीत चुना जास्त आहे, लोह असूनही झाडाला मिळत नाही. खड्डे खोदतानाच पांढरे खडे निघत होते, मी हातात घेऊन दाखवले पण कोणी ऐकलंच नाही.

त्याच टेकडीवर जरा वर चढलं की जुने अंजन उभे आहेत. कोणी पाणी घातलं नाही, खत नाही. अंजनाचं पान म्हणजे आपट्याचं पान मधोमध पार देठापर्यंत फाडल्यासारखं, चैत्रात तांबूस पालवी फुटते तेव्हा उन्हात बघत राहावं असं झाड दिसतं. नाल्याने एके ठिकाणी दरड कापलीय तिथे एक मूळ उघडं पडलंय, मनगटाएवढं जाड, खडकाच्या फटीत शिरताना चपटं झालंय अन् खाली गेल्यावर परत गोल. हे बघितल्यावर मला त्या पिशवीतल्या रोपांचं फार वाईट वाटलं.

लाकूड तर इतकं जड की पाण्यात बुडतं, पाला गुरं आवडीने खातात, सालीचे दोर वळायचे आमचे आजोबा. साग सुद्धा चुना मानवणारं झाड आहे, पण त्याला निचरा होणारी खोल माती लागते, तो खालच्या ओढ्याकाठी ठीक, उघड्या मुरमावर अंजनच.

माझी वनखात्याला आणि सगळ्या वृक्षारोपणवाल्यांना कळकळीची विनंती आहे की अंजन पिशवीत वाढवून आणू नका, त्याची सोटमुळी पहिल्यापासून सरळ खाली धावते, पिशवीत ती गोल फिरते अन् झाड कायमचं अडतं. उन्हाळ्यात शेंगा पिकतात, चपट्या, टोकाला एकच बी, वाऱ्याने उडून खाली पडतात, त्या गोळा करा आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर थेट जागेवर पेरा. दरवर्षी एवढं बी धरत नाही, यंदा झाडं लगडलीत. शाळेतल्या पोरांना घेऊन मी रविवारी जाणार आहे, आजूबाजूच्या गावांनी पण निघावं.

— एक शेतकरी वाचक, यावल तालुका, जि. जळगाव